जहाज बांधायच्या आधीच त्याला किती जोर लागेल, हे कॉम्प्युटर कसं सांगतो?

एक छोटा प्रश्न. सहा मीटर लांबीचं जहाजाचं मॉडेल पाण्यात सावकाश धावणाऱ्या माणसाच्या निम्म्या-पाऊण वेगाने ओढायचं आहे. किती जोर लागेल?

बहुतेक जण पन्नास किलो, शंभर किलो म्हणतात. खरं उत्तर आहे साधारण ३२ न्यूटन, म्हणजे सव्वातीन किलोचं वजन हातात धरायला लागतो तेवढाच जोर. पाण्याने भरलेला हंडा याच्यापेक्षा जड असतो.

हे मॉडेल 'डुइसबर्ग टेस्ट केस' नावाच्या कंटेनर जहाजाचं आहे. मूळ आकार ३५५ मीटर लांब, मॉडेल त्याच्या साधारण ५९.४ पट लहान. आता दुसरा प्रश्न: छोट्याला ३२ न्यूटन लागतात, तर मोठ्याला किती? नुसता गुणाकार केला तर उत्तर चुकतं. थोडंथोडकं नाही, जवळजवळ दुप्पट चुकतं. जहाजाचं इंजिन किती ताकदीचं घ्यायचं हे याच आकड्यावर ठरतं. शेकडो कोटींच्या जहाजात दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तर काय होईल, आणि कमी ताकदीचं बसवलं तर काय होईल, याचा विचार करा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव मेडशी. अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरचं, मालेगाव तालुक्यातलं. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण जहाजाचा हा हिशोब करायला समुद्र जवळ असावा लागत नाही. लॅपटॉप, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि आकड्यावर शंका घ्यायची सवय, एवढं पुरतं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. का, ते लेखात पुढे येईलच.

पाणी जहाजाला अडवतं कसं?

जहाजाच्या मुख्य अंगाला 'हल' म्हणतात. हल पुढे सरकते तेव्हा पाणी तिला मुख्यतः तीन प्रकारे अडवतं.

पहिला प्रकार घर्षणाचा. पाणी थोडंसं चिकट असतं. हलला अगदी लागून असलेला पाण्याचा थर जहाजाबरोबरच ओढला जातो, त्याच्या बाहेरचा थर थोडा कमी, त्याच्या बाहेरचा आणखी कमी. एवढं पाणी सोबत ओढायचं म्हणजे जोर लागणारच. हलवर शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटले की हे घर्षण आणखी वाढतं.

दुसरा प्रकार लाटांचा. जहाज चालताना मागे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या लाटा सोडत जातं. शांत, खोल पाण्यात बदक पोहताना बघा, तिथेही तोच आकार दिसतो. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये दाखवलं की या व्हीची एक बाजू मधल्या रेषेशी साधारण साडेएकोणीस अंशांचा कोन करते, मग बदक असो की बोट. या लाटा तयार करायला ऊर्जा लागते आणि ती इंजिनातूनच जाते.

तिसरा प्रकार दाबाचा. पुढून येणारं पाणी जहाजाच्या मागच्या टोकाला नीट, गुळगुळीत मिटलं नाही तर तिथे भोवरे होतात, दाब कमी पडतो आणि जहाज मागे ओढल्यासारखं होतं. पावसाळ्यात नाल्यातल्या दगडामागे पाणी गोल गोल फिरतं, तसंच हे.

या तिन्हींची बेरीज म्हणजे जहाजाचा एकूण रेझिस्टन्स, म्हणजे पाण्याचा विरोध.

थोडा वेग वाढवला की डिझेल एवढं का वाढतं?

ढोबळमानाने विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताकद म्हणजे विरोध गुणिले वेग, म्हणून ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. २० नॉटने जाणारं जहाज १८ नॉटवर आणलं तर वेग १० टक्के कमी झाला, पण लागणारी ताकद साधारण २७ टक्क्यांनी उतरली. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तो धरूनही तेवढ्याच अंतराला सुमारे १९ टक्के इंधन वाचतं.

(एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आपलं कंटेनर जहाज २५ नॉटने, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरने चालावं अशी अपेक्षा आहे. लाल परीच्या वेगाने ३५५ मीटर लांबीची वस्तू पाण्यातून ढकलायची!)

म्हणून हलच्या आकारात दोन-तीन टक्क्यांची सुधारणा झाली तरी जहाजाच्या पंचवीसेक वर्षांच्या आयुष्यात प्रचंड इंधन वाचतं आणि धूरही तेवढा कमी होतो. नव्या जहाजांनी ठरावीक कार्यक्षमता गाठलीच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नियम २०१३ पासून लागू आहे. त्यामुळे विरोधाचा आकडा आधी कळणं आता गरजेचंच झालं आहे.

कॉम्प्युटर नव्हता तेव्हा काय करायचे?

इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड नावाचे इंजिनिअर होते. १८७० च्या सुमारास त्यांनी टॉर्की इथे घराजवळ एक लांब टाकी बांधली आणि तिच्यात जहाजांची मॉडेलं ओढून विरोध मोजायला सुरुवात केली. आजही हीच पद्धत चालते. तिला टोइंग टँक म्हणतात. आपल्याकडे विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान आणि तंत्रज्ञान प्रयोगशाळेत अशी ५०० मीटर लांबीची टाकी आहे.

फ्रूड यांच्यापुढे मोठी अडचण होती ती सुरुवातीच्याच प्रश्नाची: छोट्यावरून मोठ्याचा अंदाज कसा करायचा? त्यांच्या लक्षात आलं की लाटा आणि घर्षण यांचे नियम वेगवेगळे आहेत.

लाटांचा नमुना लहान-मोठ्यात सारखा हवा असेल तर हा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवावा लागतो:

फ्रूड नंबर = वेग ÷ √(गुरुत्वाकर्षण × लांबी)

आपल्या जहाजाचा २५ नॉटचा वेग म्हणजे सेकंदाला साधारण १२.९ मीटर. फ्रूड नंबर येतो सुमारे ०.२२. सहा मीटरच्या मॉडेलसाठी तोच नंबर हवा तर त्याला सेकंदाला फक्त १.६७ मीटरने ओढायचं. मग मोठ्या जहाजाभोवती जशा लाटा, तशाच छोट्या लाटा मॉडेलभोवती उठतात.

पण घर्षण हा नियम पाळत नाही. घर्षण ठरतं रेनॉल्ड्स नंबरवर, म्हणजे वेग, लांबी आणि पाण्याचा चिकटपणा यांच्या मेळावर. मॉडेलचा हा नंबर साधारण ९० लाख भरतो आणि खऱ्या जहाजाचा चारशे कोटींच्या आसपास. दोन्ही नंबर एकाच वेळी जुळवायचे तर पाण्यापेक्षा शेकडो पट कमी चिकट द्रव लागेल. असा द्रव मिळत नाही.

म्हणून हिशोब दोन भागांत करायचा. ओढताना भरलेल्या एकूण विरोधातून घर्षणाचा भाग सूत्राने काढून बाजूला ठेवायचा, उरलेला भाग फ्रूडच्या नियमाने मोठा करायचा आणि त्यात मोठ्या जहाजाचं घर्षण वेगळं मोजून मिळवायचं. घर्षणासाठी १९५७ मध्ये ठरलेलं एक आंतरराष्ट्रीय सूत्र आजही वापरतात.

मी हा हिशोब करून बघितला. मॉडेलच्या एकूण विरोधात घर्षणाचा वाटा ८० टक्क्यांच्या वर निघतो. पण त्या वेगाला आणि पृष्ठभागाला धरून तुलना केली तर मोठ्या जहाजाचं घर्षण मॉडेलच्या निम्म्याहून कमी भरतं. नुसता गुणाकार केला तर मोठ्या जहाजाचा विरोध सुमारे ६७ लाख न्यूटन येतो. घर्षण वेगळं काढून केला तर सुमारे ३५ लाख. (खाऱ्या पाण्याची जास्त घनता आणि हलचा खडबडीतपणा यात धरलेला नाही, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत.) सुरुवातीला म्हटलेली दुप्पट चूक ती हीच.

आता कॉम्प्युटर काय करतो?

याला सीएफडी म्हणतात, म्हणजे कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स. नाव जड आहे, कल्पना सोपी आहे.

जहाजाभोवतीच्या पाण्याची आणि हवेची एक मोठी पेटी घ्या. तिचे लाखो छोटे खण पाडा. फोनचा फोटो झूम केला की चौकोनी पिक्सेल दिसतात ना, तसेच हे खण, फक्त त्रिमितीतले. या जाळीला 'मेश' म्हणतात आणि एका खणाला 'सेल'. प्रत्येक सेलमध्ये कॉम्प्युटर काही आकडे जपून ठेवतो: पाण्याचा वेग तीन दिशांना किती, दाब किती, वगैरे.

मग नियम लावायचे. नियम दोनच. एक, पाणी हवेत नाहीसं होत नाही, सेलमध्ये जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे. दोन, न्यूटनचा नियम: बल लागलं की वेग बदलतो. वाहत्या द्रवासाठी हे लिहिलं की नेव्हिए-स्टोक्स समीकरणं मिळतात. एकोणिसाव्या शतकातली ही समीकरणं इतकी अवघड आहेत की त्यांच्याबद्दलचा एक मूलभूत प्रश्न सोडवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस २००० सालापासून ठेवलेलं आहे आणि ते अजून कोणाला मिळालेलं नाही. कागदावर सुटत नाहीत, म्हणून आपण खण पाडून जवळपासचं उत्तर काढतो.

इथे आपला पुण्याचा माणूस येतो

यात एक गोची आहे. वेग काढायला दाब माहीत हवा, पण पाण्यासाठी दाबाचं असं वेगळं, सरळ समीकरणच नाही. मग दाब आणायचा कुठून?

यावर कामाला येणारी पद्धत सुहास पाटणकर आणि त्यांचे गुरू ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदवीधर झाले, मग आयआयटी मुंबई आणि पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये पीएचडी. त्या पद्धतीचं नाव 'सिम्पल'. १९८० मध्ये आलेलं पाटणकरांचं पुस्तक सीएफडी शिकणाऱ्या जगभरातल्या पोरांनी वाचलेलं असतं.

सिम्पल चालते कशी? जत्रेतल्या गर्दीची कल्पना करा. मैदानात शेकडो खोल्या आहेत, प्रत्येकीला सहा दारं आणि नियम असा की कुठल्याच खोलीत गर्दी साचता कामा नये.

१. आधी प्रत्येक खोलीतल्या रेटारेटीचा, म्हणजे दाबाचा, एक अंदाज धरा.
२. त्या अंदाजावरून माणसं कुठल्या दाराने किती वेगाने जातील ते काढा.
३. आता मोजा. एखाद्या खोलीत येणारे जास्त आणि जाणारे कमी आहेत? म्हणजे तिथला दाब कमी धरला होता, तो वाढवा. उलट असेल तिथे कमी करा.
४. नव्या दाबाने वेग सुधारा आणि पुन्हा पहिल्यापासून.

असं शेकडो-हजारो वेळा केलं की हिशोब सगळीकडे जुळतो. आजच्या बहुतेक सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये हीच पद्धत किंवा तिची भावंडं आहेत. 'ओपनफोम' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जहाजासाठी वापरतात त्या पद्धतीचं नाव तर 'पिम्पल' आहे. हसू नका, 'पिसो' नावाची दुसरी पद्धत आणि 'सिम्पल' यांची ती जोडणी आहे.

लाटा आणि खळबळ कशी दाखवायची?

जहाज अर्धं पाण्यात, अर्धं हवेत. म्हणून प्रत्येक सेलमध्ये आणखी एक आकडा ठेवतात, ० ते १ मधला. १ म्हणजे सेल पाण्याने भरलेला, ० म्हणजे फक्त हवा, ०.५ म्हणजे अर्धा-अर्धा. ०.५ ची सगळी ठिकाणं जोडली की पाण्याचा पृष्ठभाग मिळतो, लाटांसकट. कल्पना एवढी साधी आहे.

खरी डोकेदुखी टर्ब्युलन्सची, म्हणजे पाण्यातल्या खळबळीची. हलजवळच्या पाण्यात मिलिमीटरहूनही छोटे भोवरे असतात. प्रत्येक भोवरा पकडायचा तर एवढे सेल लागतील की आजचे सुपरकॉम्प्युटरही ३५५ मीटरच्या जहाजापुढे हात टेकतील. म्हणून रोजच्या कामात भोवऱ्यांचा सरासरी परिणाम एका सूत्राने धरतात, त्याला टर्ब्युलन्स मॉडेल म्हणतात. हा निसर्गाचा नियम नाही, प्रयोगांवरून बसवलेला अंदाज आहे. सीएफडीच्या प्रत्येक आकड्यात हा अंदाज मिसळलेला असतो, हे कायम डोक्यात ठेवा.

कॉम्प्युटरच्या ताकदीचं म्हणाल तर काळ फार बदललाय. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा भारताचा पहिला सुपरकॉम्प्युटर केला, तेव्हा संस्थेचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आज तुमच्या खिशातला फोन आकडेमोडीच्या वेगात त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. तेव्हा ताकद कमी पडते ही तक्रार आपल्याला फारशी शोभत नाही.

रंगीत चित्रावर विश्वास ठेवायचा का?

सीएफडीचं चित्र फार देखणं येतं. निळं पाणी, लाल लाटा, हिरवे पट्टे. रील टाकली तर भरपूर लाइक मिळतील. पण सॉफ्टवेअर चुकीच्या उत्तरालाही तेवढेच सुंदर रंग देतं. मेश वाईट असो, पेटी लहान असो, टर्ब्युलन्स मॉडेल न बसणारं असो, शेवटी एक आकडा येतोच आणि तो चार दशांश स्थळांपर्यंत येतो. दशांश स्थळं जास्त म्हणून उत्तर जास्त खरं होत नाही.

मग तपासायचं कसं? इंजिनिअर लोक दोन वेगळे प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न: मी गणित नीट सोडवलं का? यासाठी तोच हिशोब तीन मेशवर करतात: जाड, मध्यम, बारीक. समजा, उत्तरं ३३.४, ३२.४ आणि ३२.० न्यूटन आली (हे आकडे फक्त समजावण्यासाठी). पहिला फरक १.०, दुसरा ०.४. फरक आटत चाललाय, हे चांगलं लक्षण. याच चालीने मेश आणखी बारीक करत गेलो तर उत्तर ३१.७ च्या आसपास स्थिरावेल असं म्हणता येतं. पण उत्तरं ३३, ३० आणि ३५ अशी उड्या मारत असतील तर तुमच्याकडे अजून उत्तरच नाही, चित्र कितीही छान असो.

दुसरा प्रश्न: मी योग्य गणित सोडवलं का? म्हणजे पाणी खरंच असं वागतं का? याचं उत्तर कॉम्प्युटर स्वतः देऊ शकत नाही. त्यासाठी टाकीत मोजलेला आकडा लागतो. डुइसबर्ग टेस्ट केसचं महत्त्व इथेच आहे. हे ३५५ मीटरचं जहाज प्रत्यक्षात कधी बांधलंच नाही. जगातल्या कोणालाही आपलं सॉफ्टवेअर तपासता यावं म्हणून डुइसबर्ग-एसेन विद्यापीठाने त्याचा आकार तयार केला, मॉडेल टाकीत ओढून मोजलं आणि आकडे सगळ्यांसाठी खुले केले. परीक्षेआधी उत्तरपत्रिका मिळावी तसं हे. फक्त इथे ती पाहणं म्हणजे कॉपी होत नाही, ते सगळ्यात प्रामाणिक काम आहे.

ओळखीचा आकार, चांगली मेश आणि अनुभवी हात असेल तर सीएफडी टाकीतल्या आकड्याच्या काही टक्क्यांच्या आत येतं. त्याहूनही भरवशाचं काम म्हणजे तुलना. 'अ' हल बरी की 'ब' हल, हे सीएफडी फार चांगलं सांगतं, कारण एकाच मेशमधल्या आणि मॉडेलमधल्या बऱ्याच चुका दोन्हीकडे सारख्या पडतात. म्हणून आज जहाज कंपन्या आधी कॉम्प्युटरवर अनेक आकार चाळतात आणि निवडलेले एक-दोनच टाकीत नेतात.

अजिंठ्याचं जहाज

टाकी अजून का लागते, याचं एक ताजं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातलं जहाजाचं एक चित्र आहे. त्यावरून भारतीय नौदल, सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांनी मिळून एक शिवलेलं जहाज बांधायचं ठरवलं. जुलै २०२३ मध्ये करार झाला. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवल्या. हे काम केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली झालं. २१ मे २०२५ रोजी कारवारला 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने ते नौदलात आलं. २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोचलं. इंजिन नाही, फक्त शिडं आणि वल्ही.

आता अडचण बघा. चित्रात जहाज एका बाजूने दिसतं. पाण्याखालचा आकार, म्हणजे जिथे सगळा विरोध होतो तोच भाग, चित्रात दिसत नाही. जुना नकाशा शिल्लक नाही. असं जहाज आज कोणी चालवत नाही, म्हणून ताडून बघायला मोजलेले आकडेही नाहीत. अशा वेळी आपला अंदाज कुठे ताडून पाहणार? म्हणूनच नौदलाने आयआयटी मद्रासच्या ओशन इंजिनिअरिंग विभागासोबत मॉडेल करून त्याच्या पाण्यातल्या वागणुकीची चाचणी घेतली. आकार जितका नवखा, तितकी खऱ्या पाण्यातली परीक्षा जास्त गरजेची. सीएफडीवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

तुम्ही स्वतः करून बघा

कॉलेजला असाल आणि १६ जीबी रॅमचा लॅपटॉप किंवा कॉलेजची लॅब हाताशी असेल तर हे घरबसल्या जमतं.

- ओपनफोम टाका. फुकट आहे. लिनक्सवर चालतं, विंडोजमध्येही लिनक्सची सोय चालू करून चालवता येतं. चित्र बघायला पॅराव्ह्यू, तेही फुकट.
- ओपनफोमसोबत येणाऱ्या तयार उदाहरणांमध्ये 'डीटीसी हल' नावाचं फोल्डर शोधा. तेच हे डुइसबर्गचं जहाज, १.६६८ मीटर प्रति सेकंद वेगाने.
- रन लावा. मेश लाखो सेलची आहे, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर काही तास किंवा रात्रभर लागेल. आमच्याकडे मेडशीत रात्री लाइट जाणार हे धरूनच चालावं लागतं. म्हणून सेटिंगमध्ये निकाल थोड्या थोड्या वेळाने सेव्ह होतील असं करा आणि पुढचा रन 'शेवटच्या सेव्ह केलेल्या वेळेपासून' सुरू करा.
- विरोधाचा आकडा बघा. तो १६ न्यूटनच्या आसपास दिसला तर घाबरू नका. जहाज डावी-उजवीकडे सारखंच असतं, म्हणून वेळ वाचवायला या उदाहरणात अर्धीच हल घेतली आहे. दुप्पट करा. टाकीतला आकडा ३१.८ न्यूटन आहे. किती टक्के फरक पडला ते वहीत लिहा.
- आता मेश बदला आणि पुन्हा चालवा. उत्तर किती हललं? तेही लिहा.

शेवटच्या दोन पायऱ्या केल्यात तर तुम्ही चित्र काढणाऱ्यांच्या रांगेतून निघून हिशोब करणाऱ्यांच्या रांगेत आलात. नोकरीच्या मुलाखतीत रंगीत फोटोपेक्षा वहीतली ही दोन टक्केवारी जास्त बोलते, कारण समोरच्याला कळतं की या मुलाला किंवा मुलीला आपल्या उत्तराची मर्यादा माहीत आहे.

ही सवय जहाजापुरती नाही. फोनवरचं हवामान ॲप उद्या पाऊस सांगतं तेव्हा तेही वातावरणाचे खण पाडून, त्याच जातीची समीकरणं सोडवून सांगतं. पेरणीचा निर्णय त्यावर घेणारे लोक आपल्या घरात आहेत. म्हणून कोणीही सिम्युलेशनचा आकडा समोर ठेवला की दोनच प्रश्न विचारा: खण बारीक केले तर हा आकडा किती हलतो? आणि प्रत्यक्ष मोजमापाशी हा कधी, कुठे ताडून पाहिला आहे?